आश्रय आणि घर

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् शहरापासून जवळच, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात गोविंदपुरम् नावाचे एक लहानसे गाव आहे. नामस्मरणाचा महिमा दक्षिणेत रुजविणाऱ्या बोधेंद्र सरस्वतींची समाधी तेथे असल्यामुळे ते गाव श्रद्धाळूंना पूर्वीपासून परिचित होते. 2011 साली तेथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. पंढरीचा विठोबा कावेरीच्या खोऱ्यात कसा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. पण त्यात नवल करण्यासारखे काही नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठी राज्य स्थापन केले आणि ते 1855 पर्यंत टिकले. त्या काळात मराठी कीर्तन आणि अभंग तमिळ भूमीत पोहोचले व तेथील भजनपरंपरेत मिसळून गेले. गोविंदपुरम् येथील विठ्ठल हा त्याच नात्याचा आजचा आविष्कार होय.

या मंदिराबरोबर तेथे एक मोठी गोशाळाही आहे आणि तीत शेकडो गाई-वासरांचा सांभाळ केला जातो. देवळाच्या आश्रयाने गाईगुरे पोसण्याची पद्धत भारतात सर्वत्र आढळते. गाईविषयी लोकांच्या मनात श्रद्धा आहे. त्यामुळे तिच्या चाऱ्यासाठी दाते पुढे येतात, सणावाराला तिला घास दिला जातो आणि तिच्या नावाने संस्था उभ्या राहतात. असे असूनही 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशामध्ये 50 लाखांहून अधिक मोकाट गुरांची नोंद झाली. ज्या प्राण्याला समाजाने देवत्व दिले त्याची ही अवस्था असेल, तर ज्याच्यामागे श्रद्धा नाही, ज्याचा घरात काही उपयोग नाही आणि ज्याला गाऱ्हाणे मांडण्यासाठी आवाजही नाही, अशा प्राण्याचे काय होत असेल? हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. माणसानेच पाळलेला आणि माणसानेच टाकून दिलेला ससा हा असाच एक प्राणी आहे.

शहरांतील प्राणी-आश्रयगृहांत प्रामुख्याने कुत्री आणि मांजरे असतात. अपघातात सापडलेली, आजारी पडलेली किंवा मालकांनी सोडून दिलेली ही जनावरे सांभाळतानाच संस्थांची दमछाक होते. जागा अपुरी, माणसे थोडी आणि खर्च वाढता, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती असते. अशा गर्दीत एखाद्या कोपऱ्यातील पिंजऱ्यात चार-दोन ससेही दिसतात. ते तेथे कसे येतात, याची कहाणी बहुधा एकच असते. मुलाने बाजारात मऊ लोकरीसारखे पिल्लू पाहून हट्ट धरलेला असतो. खेळणे घ्यावे तसे पिल्लू घरी येते. एकटे राहू नये म्हणून पुष्कळदा जोडी घेतली जाते आणि दोन्ही माद्या आहेत असे विक्रेता सांगतो. लहानपणी सशातील नर-मादी ओळखणे सोपे नसते. सशाची मादी सुमारे एका महिन्यात विते, एका वेळी चार ते आठ पिल्ले देते आणि विल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. सहा महिन्यांत दोनाचे वीस होतात. तोपर्यंत मुलाचे कुतूहल संपलेले असते, टेबलाचे पाय आणि विजेच्या तारा कुरतडलेल्या असतात, आणि एके दिवशी पुठ्ठ्याचे खोके आश्रयगृहाच्या दाराशी येऊन पडते.

निराश्रित प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. तो आजही चालू आहे. पुढे तमिळनाडूच्याच कन्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्याचा प्रश्न आग्रहाने मांडला. त्यातून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि 1962 साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. भूक किंवा तहान यांमुळे प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. आश्रय, कायदा आणि कर्तव्य या तिन्ही गोष्टी आज आपल्यापाशी आहेत. उणीव आहे ती घराची.

आश्रय आणि घर या दोन शब्दांत फरक आहे. आश्रय संकटाच्या वेळी हवा असतो, तर घर रोजच्या जगण्यासाठी लागते. आश्रयगृहाला आत येण्याचे दार जेवढे मोठे, तेवढेच बाहेर जाण्याचे दारही मोठे असावे लागते. नाही तर ते काही काळातच कोंडवाडा बनते. साधा हिशेब मांडला तरी हे ध्यानात येते. नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. एका पिंजऱ्यात तोच ससा आठ वर्षे राहिला, तर त्या पिंजऱ्याने एकाच जिवाला आधार दिला. तेथे येणाऱ्या प्रत्येक सशाला तीन महिन्यांत घर मिळाले, तर तेवढ्याच काळात तोच पिंजरा बत्तीस जिवांच्या उपयोगी पडतो. म्हणजेच सशाला घर देणारे कुटुंब एका सशाला वाचविते आणि त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या सशासाठी जागाही मोकळी करते. आश्रयगृहात प्राणी आणून सोडणाऱ्याचे कौतुक होते. तेथून प्राणी घरी नेणाऱ्याचे कार्य त्याहून कमी मोलाचे नाही.

मग लोक आश्रयगृहात येऊनही सशांपाशी थांबत का नाहीत? याचे पहिले कारण सशाच्या स्वभावातच आहे. कुत्रा शेपटी हलवून पुढे येतो, मांजर पायाला अंग घासते. ससा मात्र पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला अंग चोरून बसतो. तो जन्मजात भक्ष्यवर्गातील प्राणी आहे. दुखणे दाखविणे म्हणजे शिकाऱ्याला बोलावणे, हे निसर्गाने त्याला शिकविले आहे. म्हणून तो वेदनाही लपवितो. लोकांना वाटते, की हा प्राणी थंड आहे, त्याला माया नाही. वस्तुतः ससा अगदीच मुका नसतो. धोका जाणवला की तो मागचा पाय जमिनीवर आपटतो. कुरवाळले असता समाधानाने हलकेच दात वाजवितो. आनंद झाला की हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देतो. परंतु ही भाषा कळण्यासाठी त्याच्याजवळ काही दिवस शांतपणे बसावे लागते, आणि आश्रयगृहात आलेल्या पाहुण्यापाशी तर काही मिनिटेच असतात.

सशाच्या या सोशिकपणाची किंमत त्याला अन्यत्रही मोजावी लागली आहे. सौंदर्यप्रसाधने डोळ्यांना कितपत झोंबतात हे पाहण्यासाठी 1944 मध्ये अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी प्रचारात आणली. तीत सशाच्या डोळ्यात तो पदार्थ घालून परिणाम पाहत. शांत आणि हाताळण्यास सोपा म्हणून ससा त्या चाचणीसाठी सोयीचा ठरला. भारतात प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास 2014 साली बंदी घालण्यात आली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. तक्रार न करणाऱ्यावर अधिक भार टाकण्याची माणसाची सवय मात्र एका बंदीने जात नाही. घरात, कार्यालयात किंवा समाजात जो गप्प राहतो त्याच्याकडे दुर्लक्ष होते, हा अनुभव कोणाला नाही? सशाच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्याच सवयीचे एक रूप आहे.

सशांमध्येही काही ससे अधिकच उपेक्षित राहतात. पिल्लांना कोणीतरी विचारते; पूर्ण वाढलेल्या सशाकडे सहसा कोणी पाहत नाही. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा बाजारात सर्रास मिळतो म्हणून त्याचे अप्रूप नसते आणि त्या डोळ्यांची काहींना भीतीही वाटते. खरे पाहता त्या डोळ्यांत रंगद्रव्य नसते, म्हणून आतील रक्तवाहिन्यांचा लाल रंग दिसतो, एवढेच त्याचे कारण आहे. एखाद्याचा पाय अधू असतो, एखाद्याची मान आजारामुळे वाकडी झालेली असते. एकमेकांचा लळा लागलेली जोडी असेल, तर 'एकच द्या' अशी मागणी होते आणि दोघांनाही ताटातुटीची झळ बसते. अशांची बाजू मांडण्यासाठी संस्थेतील कोणीतरी मुद्दाम वेळ द्यावा लागतो. 'आमच्याकडे दहा ससे आहेत' असे सांगून घर मिळत नाही. या सशाला कोथिंबिरीचा वास आवडतो, तो सकाळी दाराशी येऊन उभा राहतो, त्याला लहान मुलांचा गोंगाट सोसत नाही, असे सांगितले म्हणजे दहांतला एक ससा वेगळा दिसू लागतो.

भाषेमुळेही येथे एक घोटाळा झाला आहे. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. माळरानावर आणि शेताच्या बांधावर दिसणारा, तपकिरी अंगाचा, लांब पायांचा रानससा हा आपल्या देशातील वन्य प्राणी आहे. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावरच जन्मतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले असून त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. घरात पाळला जाणारा ससा मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या जातीपासून माणसाने पैदा केलेला आहे. त्याची पिल्ले जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. चंद्रावरील डागाला ससा मानून चंद्राला 'शशांक' म्हणणाऱ्यांच्या आणि जातककथेत स्वतःचा देह अतिथीला अर्पण करणाऱ्या सशाची कथा रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो रानससा. नाव एक असल्यामुळे पुष्कळांना वाटते, की पाळलेला ससा नकोसा झाला तर त्याला रानात सोडावे. तो आपल्या घरी जाईल. पण रान हे त्याचे घर नव्हे. पांढऱ्या रंगामुळे तो लपू शकत नाही, अन्न कसे शोधावे हे त्याला ठाऊक नसते आणि कुत्री, मुंगूस किंवा घार यांच्या तोंडी तो थोड्याच वेळात जातो. जेथे असे ससे तगले तेथे वेगळा अनर्थ झाला. 1859 साली ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या दोन डझन सशांची संतती पुढे इतकी माजली, की शेते आणि कुरणे उजाड झाली. 'मोकळे सोडणे' हा गोड शब्द आहे. येथे त्याचा अर्थ टाकून देणे एवढाच होतो.

तेव्हा पाळलेल्या सशाचे घर माणसाच्या घरातच असू शकते. या विचाराला जगातही फार जुना इतिहास नाही. अमेरिकेत 1988 साली 'हाऊस रॅबिट सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. ससा अंगणातील खुराड्यात न ठेवता घरात कुटुंबाबरोबर राहावा, त्याचे निर्बीजीकरण करावे आणि कायमचे घर मिळेपर्यंत त्याला एखाद्या कुटुंबाने तात्पुरते सांभाळावे, ही पद्धत तिने रूढ केली. आपल्या हवामानात तर घरातील सावलीची जागा अत्यावश्यकच आहे, कारण उष्णता सशाला सोसत नाही. पुण्या-नागपुरातील किंवा तंजावरातील उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पिंजऱ्यातील ससा काही तासांत दगावू शकतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे सुके गवत. गाजर हे चित्रांतील सशाचे खाद्य आहे. खऱ्या सशाला ते क्वचित आणि थोडेच द्यावे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळल्यानेच झिजतात. एक दिवसही त्याने अन्न घेतले नाही, तर ती पशुवैद्याकडे तातडीने जाण्याची वेळ समजावी. त्याला कानाला धरून उचलू नये आणि आंघोळ घालू नये. या गोष्टी अवघड नाहीत. पण त्या आधी माहीत असायला हव्यात आणि दहा वर्षे पाळायला हव्यात.

यावर काही आक्षेप घेतले जातात. माणसांनाच घरे नाहीत, तेथे सशांची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु पाळीव ससा हा निसर्गाने माणसाच्या दाराशी आणून टाकलेला नाही. त्याला माणसाने पैदा केले, विकले, विकत घेतले आणि सोडले. तेव्हा येथे उपकाराचा प्रश्न नसून स्वतः निर्माण केलेली जबाबदारी निभावण्याचा आहे. सशाला दिलेल्या मूठभर गवताने कोणा माणसाचा घास हिरावला जात नाही. दुसरा आक्षेप असा, की गोशाळेप्रमाणे सशांसाठीही कायमच्या शाळा काढाव्यात. गुरे कळपाने कुरणात चरू शकतात. ससे तसे एकत्र सोडले, तर अनोळखी नर रक्तबंबाळ होईपर्यंत झुंजतात आणि नर-मादी एकत्र ठेवल्यास संख्या आवरत नाही. शिवाय नवी जागा बांधली की ती भरायला वेळ लागत नाही. म्हणून मूळ ओघ थांबविणे आणि आलेल्यांना घर मिळवून देणे, हाच टिकाऊ उपाय आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 मध्ये केंद्र शासनाने नियम केले आणि दुकानांची नोंदणी सक्तीची केली. नियमांची अंमलबजावणी व्हावी हे खरेच. पण ग्राहकाने पाठ फिरविली, तर त्याहून मोठा परिणाम होईल.

आश्रयगृहांनाही या कामात एक पथ्य पाळावे लागते. जागा रिकामी करण्याच्या घाईत कोणाच्याही हाती ससा सोपविणे योग्य नव्हे. असा ससा दोन महिन्यांत परत येतो किंवा परतही येत नाही. घरातील सर्वांची संमती आहे का, गावाला जाताना त्याला कोण पाहणार, सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य जवळपास आहे का, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. वाढदिवसाची भेट म्हणून ससा मुळीच देऊ नये. मराठीत या कृतीसाठी 'दत्तक घेणे' हा शब्द रूढ झाला आहे आणि तो अत्यंत अन्वर्थक आहे. दत्तक घेतलेल्याला घराचे नाव मिळते, हक्क मिळतो. नावडता झाला म्हणून त्याला परत पाठविता येत नाही. हा शब्द वापरणाऱ्याने त्याचे वजनही पेलले पाहिजे.

संतचरित्रांतून आलेल्या प्राण्यांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरांच्या कथेत रेडा आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे या गावी आजही दाखविली जाते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याला ती कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेली गंगा एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातली. रेडा, कुत्रा आणि गाढव हे तिन्ही प्राणी समाजात हिणकस मानलेले आहेत. ज्याला आधीच मान आहे त्याच्यापाशी न थांबता, ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्यापर्यंत दया पोहोचावी, हाच या कथांचा आशय आहे. विठ्ठलभक्तीबरोबर हा विचारही कावेरीच्या खोऱ्यापर्यंत गेला असला पाहिजे. गोशाळेतील गाईला घास देणाऱ्या हाताने आश्रयगृहातील सशाचाही विचार करावा, यात त्या परंपरेला सोडून काहीच नाही.

मराठीत 'ससेहोलपट' असा एक शब्द आहे. शिकाऱ्यांनी चहूबाजूंनी पळवून दमविलेल्या सशाची जी दशा होते, तीवरून तो आला आणि पुढे माणसाच्या हालअपेष्टांसाठी वापरला जाऊ लागला. बाजारातून घरात, घरातून खोक्यात आणि खोक्यातून पिंजऱ्यात फिरणाऱ्या पाळीव सशाच्या बाबतीत तो आज पुन्हा आपल्या मूळ अर्थाने खरा ठरत आहे. ही ससेहोलपट थांबविण्यासाठी मोठ्या निधीची किंवा नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. मुलाने सशाचा हट्ट धरला, तर त्याला बाजाराऐवजी आश्रयगृहात न्यावे, तेथे थोडा वेळ शांत बसू द्यावे आणि दहा वर्षे सांभाळण्याची तयारी नसेल तर रिकाम्या हाताने परत यावे. तयारी असेल तर मात्र पुढे येणाऱ्या पिल्लाबरोबर मागच्या कोपऱ्यात बसलेल्या सशाकडेही एकदा पाहावे.